स्वयंसेवी पाणबुड्यांचं बचावपथक उभारतोय, आधी काय घ्यावं?

पाणकावळा

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

आम्ही चौदा जण आहोत. निम्मे डोंगरात बचावाचं काम करणारे, चार पट्टीचे पोहणारे, तिघांकडे हौशी स्कूबाचं प्रमाणपत्र, आणि एक गडी असा की त्याला पाण्याची भीती वाटते पण गाडी झकास चालवतो. मागे एका बंद पडलेल्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यात एक मुलगा बुडाला. आम्ही वीस मिनिटांत पोचलो आणि काठावर नुसते उभे राहिलो. पाणबुडे बाहेरून येईपर्यंत पाच तास गेले. त्या पाच तासांत मुलाचा बाप आमच्याकडे बघत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. परत येताना गाडीत कोणी बोललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ठरवलं की पथक काढायचं.

आता एक देणगीदार पैसे द्यायला तयार आहे. त्याची अट एकच, वस्तू दिसल्या पाहिजेत. माझी यादी: चार फुल फेस मास्क, चार ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारे सूट), सहा सिलिंडर, पाण्याखालचे जोरदार दिवे, एक कॅमेरा आणि एक पाण्याखालची स्कूटर. काय काढू, काय घालू?

वाचनमात्र

खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

दोरवाला

दिवे काढा. स्कूटर तर काढाच. कॅमेऱ्यात तुम्हाला तपकिरी रंग दिसेल, त्याला एवढा खर्च कशाला?

अठरा वर्षं हे काम करतोय. त्यातला बहुतेक वेळ काठावर, हातात दोर धरून. लोक बुडतात ती पाणी फोटोतली नसतात. खाण, तळं, कालवा, पुलाखालचा डोह, सगळीकडे गाळ. पाणबुडा तळाला टेकला की दोन मिनिटांत पाण्याचा चहा होतो. मास्कच्या काचेला बोटं टेकवली तरी दिसत नाहीत. दिवा लावला तर दाट धुक्यात गाडीचा हेडलाइट लावल्यासारखं, समोर पांढरी भिंत. त्यामुळे शोध हातांनी घ्यायचा. बोटांनी तळ चाचपत, अर्धवर्तुळात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. टोक आलं की काठावरचा माणूस दोर हातभर सोडतो आणि परत उलट्या दिशेने अर्धवर्तुळ.

आपण कुठे आहोत हे त्या पाणबुड्याला माहीत नसतं. तोंड कुठे आहे हेही कधीकधी कळत नाही. माहीत असतं ते काठावरच्याला. दोर किती सुटलाय, कोणत्या कोनात आहे, कोणता पट्टा झाला, कोणता राहिला. म्हणून माझं म्हणणं असं की पथक काठापासून आत बांधायचं. आधी दोर धरणारे तयार करा, मग पाणबुडे. तुमची यादी मधूनच सुरू होते.

आणि माणसं मोजा. पाण्यात एक पाणबुडा. त्याचा दोर धरणारा एक. दुसरा पाणबुडा पूर्ण कपडे चढवून, मास्क हातात घेऊन काठावर तयार, पहिला अडकला तर त्याच्यामागे जायला. त्याचा दोर धरणारा चौथा. पाचवा प्रमुख, त्याने कशालाच हात लावायचा नाही, फक्त बघायचं. सहावा वही घेऊन बसलेला. पहिला बाहेर आल्यावर शोध चालू ठेवायचा तर अर्धा तयार असा तिसरा पाणबुडा, म्हणजे सात. कामाच्या दिवशी भर दुपारी सात जण हवे असतील तर यादीत वीस लागतात. तुम्ही चौदा आहात.

झपाटलेला

काका, आदर ठेवून विचारतो. माणूस खाली आहे, मला पोहता येतं, श्वास धरता येतो. मी वहीवाला येईपर्यंत थांबू?

दोरवाला

हो.

झपाटलेला

हे पटत नाही. मग बचाव कसला? शोधपथक म्हणा सरळ.

काळजीवाहू

तातडीच्या विभागात डॉक्टर आहे, म्हणून मध्ये पडते.

झपाटलेला, तुमची तगमग समजते, पण आकडे बघा. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डेव्हिड श्पिलमन आणि सहकाऱ्यांचा बुडण्यावरचा आढावा आला होता. डोकं पाण्याखाली ० ते ५ मिनिटं असेल तर मृत्यू किंवा मेंदूला गंभीर इजा होण्याची शक्यता १० टक्के. ६ ते १० मिनिटांत ती ५६ वर जाते, ११ ते २५ मध्ये ८८ वर. २५ मिनिटांच्या पुढे जवळजवळ १००. तुम्ही वीस मिनिटांत पोचलात, कपडे चढवायला दहा धरा. त्या क्षणी खाली असलेला माणूस बहुधा गेलेला असतो. हे लिहायला मलाही बरं वाटत नाही.

याला अपवाद आहेत आणि ते अगदी थंड पाण्यातले आहेत. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात अडीच वर्षांची एक मुलगी बर्फाळ ओढ्यात ६६ मिनिटं पाण्याखाली होती, आणि ती पूर्ण बरी झाली. लहान मूल, झपाट्याने थंड पडलेलं शरीर, त्यामुळे मेंदूची प्राणवायूची गरज एकदम खाली आली. म्हणून बरीच पथकं पहिला तासभर 'माणूस जिवंत असू शकतो' असं धरून काम करतात आणि त्यानंतर पद्धत बदलतात. तुमच्या पाण्याचं तापमान किती, यावर तो तास ताणायचा की आखडायचा हे ठरतं.

म्हणजे जीव वाचतो तो पहिल्या दहा मिनिटांत, आणि तो वाचवतो काठावर आधीच असलेला माणूस. हात किंवा काठी पोचव, दोर फेक, होडी ने, आणि यातलं काहीच जमत नसेल तरच पाण्यात जा, तेही तयारी असेल तर. हा क्रम तुमच्या पथकाने गावभर शिकवला तर ड्रायसूटपेक्षा जास्त जीव वाचतील. दुसरं, बुडालेल्याचं हृदय थांबतं ते प्राणवायू संपल्यामुळे. त्यामुळे बाहेर काढल्यावर नुसती छाती दाबत बसू नका, आधी श्वास द्या. युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं सुरुवातीला पाच श्वास सांगतात. यादीत ऑक्सिजनचा संच मला दिसला नाही, तो घाला. तुमच्या स्वतःच्या पाणबुड्यालाही तो लागू शकतो.

पाणकावळा

मग आम्ही पाच तास उभे राहिलो ते बरोबर होतं?

काळजीवाहू

त्या तयारीनिशी, हो. उतरला असतात तर बापाच्या शेजारी आणखी कोणाचा तरी बाप बसला असता.

शेवाळ

दोरवाला काकांशी ९० टक्के सहमत. उरलेल्या १० टक्क्यांत माझा जीव असतो, म्हणून सामानाबद्दल थोडं. मी पाण्यातली आहे, काठावरची नाही.

फुल फेस मास्क ठेवा. चेहरा पूर्ण झाकला जातो, घाण पाणी तोंडात जात नाही आणि तारेने बोलता येतं. पण तो सुट्टीतल्या स्कूबासारखा पहिल्याच दिवशी चढवून उतरायचं नाही. हवा संपली किंवा काच निसटली तर तो काढून साधा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधून श्वास घ्यायचं साधन, तोंडात घालायचा, साधा मास्क लावायचा, हे सगळं डोळे मिटून. उथळ पाण्यात शंभर वेळा करा. मी साठाव्या वेळी पहिल्यांदा न घाबरता केलं.

ड्रायसूट घेताना व्हल्कनाइज्ड रबराचा बघा. निओप्रीन स्पंजासारखा घाण पाणी आणि डिझेल पितो, रबर मात्र ब्रशने घासून धुऊन निघतं. मान आणि मनगटाचे सील दर वेळी तपासा. आणि एक गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात नसते: उन्हात तयार होऊन बसलेला दुसरा पाणबुडा. पाण्यातला गारव्यात असतो, हा मात्र रबरात शिजतो. एका सरावात आमचा तयार पाणबुडा पाण्यात न उतरताच चक्कर येऊन पडला. तेव्हापासून सामानात ताडपत्री, खुर्ची आणि पाण्याचा कॅन आहे. तुमच्या देणगीदाराला ताडपत्री दिसतेही.

आता अंगावरच्या बारीक गोष्टी. दोर कधीही बीसीडीला, म्हणजे हवा भरून तरंग सांभाळायच्या जॅकेटला, बांधू नका. त्याच्या आत, थेट अंगावर पट्ट्यांचा वेगळा हार्नेस हवा. बीसीडी अडकला आणि काढून टाकावा लागला तर दोर त्याच्याबरोबर जाता कामा नये. दुसरी, स्वतंत्र हवेची छोटी बाटली, तिच्या वेगळ्या रेग्युलेटरसकट. खाली बरोबरचा जोडीदार नसतो, त्यामुळे 'त्याच्याकडून हवा घेईन' हा हौशी स्कूबातला हिशेब इथे बाद. कापायची साधनं दोन, एक डाव्या हाताला सापडेल असं आणि एक उजव्या. त्यातलं एक तरी रुग्णवाहिकेत असते तसली कात्री असू द्या. मांडीला बांधलेला मोठा सुरा फोटोत छान दिसतो, पण मासेमारीची तंगूस पायात गुंडाळली की सुऱ्याला ती ताणून धरावी लागते आणि दुसरा हात मोकळा नसतो. कात्री एका हाताने, न बघता, कच्च.

हिशेबी

शेवाळताई, हवेचं गणित राहिलं. ते मी मांडतो, सवयच आहे.

१२ लिटरचं सिलिंडर २०० बार दाबाला भरलं की २४०० लिटर हवा. ७० बार शिल्लक ठेवून वर यायचं, म्हणजे ८४० लिटर हात लावायचा नाही. उरली १५६०. आठ मीटर खोलीवर दाब १.८ बार. निवांत तरंगणारा माणूस मिनिटाला २० लिटर घेतो, तिथे ३६ लागतील, म्हणजे ४३ मिनिटं. पण अंधारात, गाळात, कशाला हात लागेल या धास्तीत काम करणारा सहज ४५ लिटर ओढतो. तिथे ८१. म्हणजे १९ मिनिटं! सिलिंडर तेच, खोली तीच.

आणि गाळात काटा दिसत नाही. म्हणून वहीवाला. खाली गेल्याची वेळ, दर पाच मिनिटांनी श्वास मोजून मिनिटाचा वेग, आणि वीस मिनिटं झाली की बाहेर, काही सापडो न सापडो. झपाटलेला यांनी ज्याची टर उडवली तो वहीवाला म्हणजे पाणबुड्याचा हवेचा काटा आहे.

कॉम्प्रेसर स्वतःचा घेणार असाल तर हवा ओढायचं तोंड जनरेटरच्या धुरापासून लांब ठेवा. युरोपीय मानक ईएन १२०२१ कार्बन मोनॉक्साइड दहा लाखात ५ भागांच्या वर चालवून घेत नाही. त्याला वास नसतो. सिलिंडरची आतून तपासणी दर वर्षी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी बऱ्याच ठिकाणी ५ वर्षांनी लागते, तारीख गळ्यावर ठोकलेली असते. दान आलेलं जुनं सिलिंडर घेताना आधी तो गळा वाचा.

झपाटलेला

गणित समजलं. पण मंडळी, २०१८ ला थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत पाणी भरल्यामुळे अडकलेल्या मुलांना शोधलं कोणी? स्वयंसेवकांनीच ना?

शेवाळ

बरोबर. रिक स्टॅंटन आणि जॉन व्होलान्थन, २ जुलैला ती १३ जणं त्यांनाच सापडली. दोघेही पोटापाण्यासाठी पाणबुडे नव्हते. पण गुहेतल्या पाण्यात ते कितीतरी वर्षं उतरत होते, आणि घाण पाण्यात, दिसत नसताना, दोराच्या आधाराने. स्वयंसेवक म्हणजे पगार नाही एवढंच. आणि त्याच कामात ६ जुलैला समन कुनन गेले, हवेची सिलिंडरं आत ठेवून परतताना. नौदलातून निवृत्त झालेले, तेही स्वेच्छेनेच आलेले. प्रशिक्षित आणि धडधाकट माणूस. हे उदाहरण देताना दोन्ही टोकं लक्षात ठेवा.

झपाटलेला

मान्य. हे माहीत नव्हतं.

हिशेबी

आता ज्यासाठी आलो होतो ते. वाहतं पाणी आणि दारं.

बांध, कालव्याचं दार, पुलाखालची मोरी, पंपाचं तोंड. एका बाजूला पाणी जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि मध्ये भोक. वरून पाणी शांत दिसतं. पाच मीटर खाली एक हात बाय एक हात नको, फक्त ३० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटरचं भोक धरा. त्यावर पाठ टेकली की साधारण ४५० किलो भार. दहा माणसं दोर ओढू लागली तरी माणूस तिथून सुटत नाही, तुटतो. आणि जवळ जाईपर्यंत ओढ जाणवत नाही, जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो.

नोकरीनिमित्त दारांशी संबंध आला आहे, म्हणून हात जोडून सांगतो. दार बंद आहे असं फोनवर ऐकून उतरायचं नाही. कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या प्रमुखाच्या खिशात, आणि दोन्ही बाजूंचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय कोणी पाण्यात नाही. एकदा असा निरोप आला होता की 'बंद केलंय', आणि निरोप देणारा दुसऱ्याच दाराबद्दल बोलत होता. त्या दिवशी आमच्यातल्या एकाने सहज पाण्यात पानांचा गठ्ठा टाकला म्हणून कळलं. गठ्ठा फिरला, थबकला आणि सरळ खाली गेला.

दोरवाला

हे मोठ्या अक्षरात छापून गाडीत लावा.

घाटवाट

मी नदीत, म्हणजे वाहत्या पाण्यातलं बचावकाम करतो. दोराबद्दल शेवाळ यांच्याशी थोडा मतभेद. हार्नेसला कुलपी कॅराबिनर, म्हणजे चुकून न उघडणारी कडी, चालेल तो साठलेल्या पाण्यात. प्रवाहात दोराला बांधलेला माणूस पाण्याच्या जोरानेच खाली दाबला जातो आणि काठावरचे जितकं ओढतील तितका तो खोल जातो. तिथे एका झटक्यात सुटणारा पट्टाच हवा.

शेवाळ

प्रवाहात तुमचं शंभर टक्के बरोबर. पण मी प्रवाहात पाणबुडा उतरवणारच नाही. आणि गाळात चाचपताना तो झटक्यात सुटणारा पट्टा चुकून सुटला तर मी तळाला एकटी, दिशा माहीत नाही, वर कोणाला पत्ता नाही. मला दोर कापता आला पाहिजे, सुटता कामा नये.

घाटवाट

म्हणजे दोन वेगळे संच, दोन वेगळ्या पिशव्या, आणि कोणती कधी उघडायची हे प्रमुख ठरवणार. असं असेल तर वाद नाही. दोन्हीची सरमिसळ करणारी पथकं पाहिली आहेत, म्हणून बोललो. आणि पाण्यापासून तीन मीटरच्या आत जो उभा असेल त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट. पोलीस असो, पत्रकार असो, देणगीदार असो. पोहता येतं हे कारण ऐकायचं नाही.

पाणकावळा

भरपूर मिळतंय, वहीत उतरवून घेतोय. एक शंका: एवढ्या मोठ्या पाण्यात सुरुवात कुठून करायची? त्या दिवशी चार लोक चार जागा दाखवत होते.

दोरवाला

हा खरा प्रश्न. अर्धा शोध इथे जिंकला किंवा हरला जातो.

साक्षीदाराला 'कुठे बुडाला' विचारू नका. तो हवेत हात फिरवून 'तिकडे' म्हणेल आणि तुम्ही मान डोलवाल. तो त्या वेळी जिथे उभा होता तिथेच त्याला परत उभा करा, बसला असेल तर बसवा. डोळ्यांची उंची बदलली तरी पाण्यावरचं अंतर चुकतं. मग एक होडी पाठवा आणि त्याला सांगा, 'होडी त्या जागेवर आली की हात वर कर.' तिथे दगड बांधलेला तरंगा टाका. हेच दुसऱ्या साक्षीदाराबरोबर, वेगळ्या ठिकाणाहून, पहिल्याला ऐकू जाणार नाही असं. दोघांच्या नजरेच्या रेषा जिथे कापतात तिथून सुरू करा. आणि साक्षीदारांना घरी जाऊ देऊ नका. दोन तासांनी आठवतं की त्याची चप्पल आधी दिसली होती.

साठलेल्या पाण्यात माणूस शेवटचा दिसला तिथून फार लांब जात नाही. ढोबळ हिशेब असा की पाणी जितकं खोल, साधारण तेवढ्याच त्रिज्येच्या वर्तुळात सापडतो. लोक उगाच शंभर मीटरवर गळ टाकत बसतात. वाहत्या पाण्यात हा हिशेब लागू नाही.

आणि यादीतल्या कॅमेऱ्याच्या जागी सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी तळ दाखवणारं यंत्र, बघा. होडीखालून तळाचं चित्र येतं, गढूळपणाचा त्याला फरक पडत नाही. ज्या पाण्यात तो चालतो तिथे पाणबुडा फक्त शेवटच्या दहा मिनिटांसाठी उतरतो. फांद्या, दगड, बुडालेली लाकडं असली की चित्र वाचायला शिकावं लागतं. आमच्याकडे एकदा दोन तास सगळ्यांनी ज्याला माणूस मानलं ते जुनं टायर निघालं.

वाचनमात्र

दोराच्या खुणा काय ठेवता? अवांतर असेल तर सोडून द्या.

दोरवाला

अवांतर कसलं. आमच्याकडे: काठावरून एक हिसका म्हणजे ठीक आहेस का, खालून एक म्हणजे ठीक. दोन म्हणजे थांब, दिशा बदल. तीन खालून आले तर काहीतरी सापडलं. चार किंवा त्याहून जास्त, सलग, म्हणजे मी अडचणीत. दुसऱ्या पथकांत आकडे वेगळे असतात, म्हणून शेजारच्या पथकाबरोबर काम करायच्या आधी पाच मिनिटं बसून खुणा जुळवा. तारेचं बोलणं असलं तरी हिसके शिका, तार बंद पडते.

पण खरं सांगू का, खुणांपेक्षा दोर स्वतः बोलतो. ताठ दोरातून त्याचा श्वास हातात येतो. तो चाचपतोय तेव्हा बारीक थरथर असते, सरळ जातोय तेव्हा एकसारखी ओढ. थांबला आणि थरथर थांबली नाही, तर काहीतरी हाताशी लागलंय आणि तो ते ओळखायचा प्रयत्न करतोय. एकदम सगळं शांत झालं तर मी मोजायला लागतो, पाचपर्यंत, मग एक हिसका. उत्तर आलं नाही तर दुसरा पाणबुडा माझ्या दोराला हात लावून त्यावरूनच खाली जातो. हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला मैदानात दोराने फिरवून येतं. खर्च शून्य. पहिले दोन महिने हेच करा, पाण्यात जाऊच नका. आणि दोर तीस-चाळीस मीटरच्या पुढे सोडू नका, त्याला बाक येतो आणि हिसका मध्येच विरतो. तेवढ्यात भागत नसेल तर तुम्ही चुकीच्या काठावर उभे आहात, किंवा होडी लागेल.

काळजीवाहू

मैदान संपल्यावर दम तपासायचा असेल तर बचाव पाणबुड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएडीआरएसची, दर वर्षी द्यायची चाचणी आहे. ५०० यार्ड पोहणं, १५ मिनिटं जागच्या जागी तरंगणं, ८०० यार्ड स्नॉर्कलने, म्हणजे श्वासाची नळी तोंडात धरून पोहणं, आणि निपचित पाणबुड्याला १०० यार्ड ओढत नेणं. यात नापास होणारा गडी वाईट नसतो, तो काठावर लागतो.

दुसरं, मनाचं. पहिला मृतदेह सापडेल तो दिसणार नाही, हाताला लागेल. ते वेगळं असतं. काम संपल्यावर त्याच दिवशी सगळ्यांनी एकत्र बसा, कोणाला बोलायचं नसेल तर नुसतं बसा. आणि आठवड्याने प्रत्येकाला एकेकट्याने फोन करा, कारण गटात सगळे 'मी ठीक' म्हणतात. लहान मुलाचं काम असेल तर ज्यांना त्या वयाची मुलं आहेत त्यांना खाली पाठवू नका.

घाटवाट

कागदपत्रंही उरकून घ्या. कोणाच्या बोलावण्यावरून जायचं, जागेवर आदेश कोणाचा, विमा कोणाचा, हे लेखी. आणि खाली सापडलेली वस्तू पुरावा असू शकते. गाडी सापडली तर गिअर कुठे होता, काच वर होती का खाली, हे हात लावायच्या आधी चाचपून वर सांगायचं आणि वहीत उतरवायचं.

पाणकावळा

(चार महिन्यांनी)

धागा वर काढतोय.

आम्ही आता एकोणीस आहोत. तिघे गेले, आठ आले. स्कूटर, कॅमेरा, दिवे रद्द. ड्रायसूट दोनच घेतले, मास्क दोन, वेगळी हवेची बाटली प्रत्येकाला. सोनार एका मासेमारी करणाऱ्याकडून उसना मिळतो. दोर भरपूर. सात आठवडे मैदानात डोळे बांधून फिरलो, मुलं येऊन हसायची. पाण्याला भिणारा आमचा गाडीवाला दोरावर उत्तम निघेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण तो इतका घाबरून ओढतो की पाणबुडा दोनदा आडवा झाला. त्याला वही दिली. वही अप्रतिम ठेवतो.

पहिलं बोलावणं मागच्या महिन्यात आलं. कालवा, वाहतं पाणी, खाली दार. हिशेबी यांची आठवण झाली. कुलूप लावू द्यायला तिथला माणूस तयार नव्हता, वरून परवानगी हवी म्हणाला. मी उतरवलं नाही कोणाला. झपाटलेला आता आमच्या पथकात आहे, तो पूर्ण तयार होऊन बसला होता आणि एक शब्द बोलला नाही. घरच्यांना सांगायला मी गेलो. काय बोललो आठवत नाही. संध्याकाळी परवानगी आली, दार बंद झालं, कुलूप आमचं पडलं, पाणी दोन्हीकडे एका पातळीला यायला तासाहून जास्त गेला. दुसऱ्या फेरीत दोराला तीन हिसके आले. दोर माझ्या हातात होता. हिसके येण्याआधीच कळलं होतं.

देणगीदार थोडा नाराज आहे, दोर आणि ताडपत्री फोटोत उठून दिसत नाहीत म्हणतो. म्हणून फेकायच्या दोरपिशव्यांवर त्याचं नाव छापलं. वहीच्या पानांचे फोटो खाली जोडतोय, चुका काढा.

शेवाळ

पाणी एका पातळीला येईपर्यंत थांबलात हे वाचून बरं वाटलं. आणि झपाटलेला, गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, मला माहीत आहे.

झपाटलेला

सूटमध्ये शिजत होतो, बोलायला जीव नव्हता. ताडपत्री गाडीतच राहिली होती.

दोरवाला

पानं बघितली. दुसऱ्या फेरीत अकराव्या मिनिटाची श्वासाची नोंद आहे, त्यानंतर थेट सतराव्याची. मधे काय झालं?

पाणकावळा

पेन्सिलीचं टोक मोडलं. गाडीवाला चाकू शोधत होता.

दोरवाला

दोन पेन्सिली ठेवा. वहीला बांधून.